मोरेश्वरचा धाकटा

जनरल शिफ्ट सुटली की आम्ही चारसहा जण रोह्याला कंपनीच्या गेटासमोरच्या टपरीवर चहाला थांबायचो. चहा हातात आला की मोरेश्वर तो तसाच बाकावर ठेवायचा, वर बशी झाकायचा आणि म्हणायचा, "आलोच. धाकट्याला उठवून येतो."

शेजारीच एसटीडीचा बूथ होता. आत जाऊन पेणचा नंबर फिरवायचा, रिसीव्हर कानाला लावून डोळे मिटायचा आणि चकार शब्द न बोलता फोन ठेवून परत यायचा. "उठला," असं जाहीर करून निवलेला चहा प्यायचा.

मी रोह्याचाच, कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची मला सवय नाही, असं माझं मत आहे. बायकोचं वेगळं आहे. पण दिवस मावळायला आला तरी लोळत पडणारा हा धाकटा भाऊ माझ्या काही केल्या डोक्यातून जाईना. थोरला इथे इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून राबतोय, कुठला व्हॉल्व्ह अडकला की जेवणावरून उठतोय, आणि हा दिवटा पेणला घोरतोय! मी एका कॉन्ट्रॅक्टरला गाठलं, त्याला चार शब्द गोड बोललो आणि धाकट्यासाठी हेल्परची जागा पक्की केली. मोठ्या ऐटीत मोरेश्वरला म्हणालो, "सोमवारपासून पाठव त्याला. सवय लागेल उठायची."

मोरेश्वरनं माझ्याकडं शांतपणे पाहिलं. "पाठवतो की. पण भाऊ, त्याला उचलून आणावा लागंल. एकानं मॉनिटर धरायचा, एकानं डबा."

धाकटा म्हणजे कॉम्प्युटर होता. मी कपाळाला हात लावला. टपरीवाला इतका हसला की त्याचं दूध उतू गेलं.

नव्वदचं दशक तेव्हा संपत आलं होतं. आमच्याकडं कॉम्प्युटर म्हणजे अकाउंट्सच्या एसी खोलीत, चपला बाहेर काढून, लांबून पाहायची वस्तू. आणि या गृहस्थानं मुंबईच्या चकरा मारून, एकेक भाग पिशवीतून आणून, पेणच्या घरात आख्खा कॉम्प्युटर उभा केला होता. त्याला झाकण नव्हतं. "उघडाच बरा. तब्येत दिसते," असं त्याचं म्हणणं. दोन मोठे स्पीकर होते. त्यावर गाणी वाजायची, सीडी वाजायची, टीव्हीची तार खुपसली तर बातम्यासुद्धा दिसायच्या. चाळिशी उलटली तरी मोरेश्वरनं लग्न केलं नव्हतं, त्यामुळं घरात आई, हा आणि तिसरा म्हणून धाकटा.

जगातल्या सगळ्या दुखण्यांचं त्याच्याकडं एकच निदान होतं. एसटी नागोठण्याला बंद पडली, लूज कॉन्टॅक्ट. साहेब विनाकारण खेकसला, लूज कॉन्टॅक्ट. युनियनच्या पुढाऱ्याचं भाषण तासभर झालं आणि कुणाला काहीच कळलं नाही, तेव्हाही हा मागून हळूच म्हणाला, "वायर बरी हाय, लूज कॉन्टॅक्ट हाय." माझं आणि बायकोचं एकदा आठवडाभर बोलणं बंद होतं. ते कुठून कळलं कोण जाणे, पण हा स्टोअरच्या खिडकीशी येऊन स्क्रू-ड्रायव्हर दाखवून गेला. मी त्याच्यावर उखडलो, पण घरी जाऊन मुकाट्यानं बोललो.

धाकटा फोननं उठतो कसा, हे त्यानं मला बाकावर कप-बश्या मांडून समजावलं. फोनची तार मोडेम नावाच्या एका डबीतून कॉम्प्युटरला गेलेली. कॉम्प्युटर बंद दिसला तरी पुरता बंद नसतो, एक कान उघडा ठेवून झोपतो. घंटी वाजली की डबी त्याला चिमटा काढते. "पयल्या घंटीला कूस बदलतो, दुसरीला उठतो. मग मी फोन ठेवतो. तो डोळे चोळतो, तयार होतो आणि सांगून ठेवलेली गाणी लावतो. गाणी संपली की आपला आपण परत झोपतो."

"आणि हे सगळं कुणासाठी?"

"आईसाठी," तो म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याच्या तोंडावरचं हसू गेलेलं दिसलं.

त्याची आई हिराबाय धवलारीण होती. आगरी लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी बाई ती धवलारीण. आमच्याकडं भटजी उशिरा आला तर चालतं, धवलारीण आल्याशिवाय हळदसुद्धा हलत नाही. देवांना नावानं हाका मारायच्या, गावाला, वाडवडिलांना बोलवायचं, नवरानवरीला बोहल्यापर्यंत न्यायचं, सगळं गळ्यावर. वडखळपासून जोह्यापर्यंत तिचा आवाज ठाऊक नाही असं घर नव्हतं. ती बाई एका सकाळी मोरीत पडली. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ओळखीचं काहीतरी कानावर पडत राहू दे, बोललीच तर त्यानं बोलेल.

तिला रोह्याला आणून पाहिलं होतं. क्वार्टरच्या दारात रस्त्याकडं तोंड करून बसली आणि घास गिळेना. चार दिवसांत परत न्यावी लागली. याला नोकरी अशी की बोलावणं कधीही यायचं, म्हणून हा आठवडाभर इथे आणि सुट्टीला तिथे. शेजारची जनाकाकी तिचं सगळं करायची. रोज फोन करून बोलायचं, तर तेही केलं होतं. जनाकाकी रिसीव्हर आईच्या कानाला लावायची. हा इकडून "आई, जेवलीस का? आई, मी मोरू," आणि तिकडून नुसता श्वास.

"नुसता श्वास, भाऊ," तो म्हणाला. "बूथमदी रडायला येतं. लोक काचेतून बघतात. म्हणून बंद केलं."

मग यानं डोकं लढवलं. आईला तिचाच आवाज ऐकवायचा. ज्यांच्या ज्यांच्या लग्नात ती गेली होती, त्यांच्या घरी सुट्टीच्या दिवशी सायकल हाणत हा जायचा आणि लग्नात कुणी टेप केलं होतं का विचारायचा. लोकांनी माळ्यावरून कॅसेटी काढून दिल्या. कुणाच्या कॅसेटीत पोर रडतंय, कुणाच्यात "वाढप्याला बोलवा रं" चाललंय, एकीत तर ऐन धवल्यात बकरी ओरडतेय. ते सगळं यानं कॉम्प्युटरात उतरवलं आणि रात्रंदिवस बसून खरखर काढली. बकरी मात्र निघेना. "र्‍हाऊ दे," म्हणाला, "आईच्या सुरात हाय." कॉम्प्युटरला हात लावायची जनाकाकीची छाती नव्हती, म्हणून तो रोह्याहून उठवायची ही युक्ती. आई आठवडाभरात काही म्हणाली का, एवढं एकच त्याला सुट्टीला गेल्यावर ऐकायचं असायचं. एक शब्द. मोरू म्हणाली तरी पुष्कळ.

पण घंटी कुणाची आहे हे त्या डबीला काय कळणार? मोरेश्वरच्या घराचा फोन नंबर आणि पेणच्या एका गणपतीच्या कारखान्याचा नंबर यांत एका आकड्याचा फरक. श्रावण लागला आणि मुंबई-ठाण्याचे लोक मूर्तीसाठी फोन करायला लागले. निम्मे फोन चुकून मोरेश्वरच्या घरी. वाजला फोन की उठला धाकटा, उठला धाकटा की धवले सुरू! सकाळी धवले, दुपारी धवले, जेवणाच्या ताटावर धवले. आळीतल्या बायका कान टवकारून बसल्या. हिराबाय तर बोलत नाही, मग गाते कोण? आणि धवले चालले म्हणजे घरात लग्न असल्याशिवाय का? आगरी घरात उगाच कुणी धवला तोंडात घेत नाही.

"गणपतीच्या तोंडावर लगीन? एवढी कसली गो घाई झाली मोरूला?" असं एकीनं म्हटलं आणि मग काय विचारता! सुट्टीला मोरेश्वर घरी पोचला तर ओटीवर तांदळाची सुपं आणि हळकुंडं, मांडववाला अंगणाचं माप घेतोय, बँजोवाला सुपारी मागतोय, आणि जनाकाकी पदरानं डोळे पुसत म्हणतेय, "मेल्या, मला तरी सांगायचं होतंस. हाय कुठली ती?"

तो रोह्याला परत आला तेव्हा आम्ही त्याला हळद लावायचंच बाकी ठेवलं होतं. तो पण हसला पोटभर. नंतर टपरीवर दोघंच उरलो तेव्हा म्हणाला, "सगळ्यांच्या पोरांची लग्नं तिनं लावली, भाऊ. माझं तेवढं र्‍हायलं. आज करीन, उद्या करीन म्हटलं." मी त्याला आणखी एक चहा सांगितला.

दिवाळीनंतर दुरुस्तीसाठी प्लांटचा शटडाउन लागला आणि मोरेश्वरची सुट्टी गेली. मला बायकोनं पेणला पोह्याचे पापड आणायला पिटाळलं होतं. त्यानं आईच्या मालिशच्या तेलाची बाटली माझ्या हवाली केली. "संध्याकाळपर्यंत थांब. गाणी ऐकताना आई कशी बसते, ओठ हलतात काय, नीट बघ. जनाकाकीला इचारलं तर बरी हाय म्हणते फक्त."

मी पापड घेऊन उन्हं उतरता उतरता त्याच्या घरी पोचलो. हिराबाय भिंतीकडं तोंड करून बसलेली होती. मी नमस्कार केला, मोरेश्वरचा मित्र म्हणून सांगितलं, तेल दाखवलं. तिनं मान वळवली नाही. जनाकाकी म्हणाली, "कुणाकडंच बघत नाय हो भाऊ. वाईट वाटून घेऊ नका."

थोड्या वेळानं जनाकाकीनं फणी घेतली, म्हातारीचे केस विंचरले, पदर नीट केला आणि खुर्ची उचलून फोनसमोर फिरवली. "मोरू येल आता," म्हणाली.

"तो कसा येईल? तो रोह्याला अडकलाय."

"घंटीवर येल ना."

आणि फोन वाजला. मी म्हातारीकडं पाहत होतो. ती हसली. अर्धं तोंड गेलेलं होतं, उरलेल्या अर्ध्या तोंडानं हसली. डावा हात मांडीवरून उचलून फोनकडं पसरला, जसा दारातून पोर आत येताना आई पसरते तसा. दुसरी घंटी वाजली. मग फोन गप्प झाला. तिचा हात थोडा वेळ तसाच राहिला आणि खाली आला.

कोपऱ्यात धाकटा घरघरला, पडदा उजळला, चहा उकळेल इतक्या वेळानं धवले सुरू झाले. आवाज काय होता! माझ्या अंगावर काटा आला. म्हातारीनं डोळे मिटून घेतले आणि तोंड परत भिंतीकडं केलं. बकरी ओरडली तरी तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"ऐकत नाहीत का त्या?" मी विचारलं.

"तिचंच गाणं तिला काय ऐकायचं हाय?" जनाकाकी हळू आवाजात म्हणाली. "जल्म गेला त्यात. तिला घंटी पायजे. घंटी वाजली म्हणजे पोरगा हाय, बरा हाय, आपली आठवण हाय, एवढं तिला कळतं. गणपतीत तर कुणाचीबी घंटी वाजली तरी हात वर. वाजते तवर हसते बघा. दोन घंट्या आणि मग उद्यापर्यंत काय नाय."

"मोरूला सांगितलं नाहीत?"

"कसं सांगू? एवढ्या तारा जोडून बसलाय. आई ऐकते, आई बोलेल, ह्या आशेवर हाय तो."

परतीच्या एसटीत मला फार वाईट वाटत होतं. इतक्या लांबून हा रोज आईला हाक मारतो, ती हात पुढं करते आणि दुसऱ्या घंटीला हाच फोन ठेवून देतो. सांगावं तर त्याची सगळी खटपट पाण्यात, न सांगावं तर ती माउली रोज दोनच घंट्यांवर. मी मनाशी ठरवलं, छान ऐकतात म्हणून सांगायचं आणि मोकळं व्हायचं.

दुसऱ्या दिवशी मोरेश्वर टपरीवर माझ्या आधी येऊन बसला होता. "आवाज फाटत नाय ना? ओठ हलले? काय बोलली?"

मला खोटं बोलता येत नाही. बायकोलाही ते ठाऊक आहे. मी सगळं सांगितलं, हात कसा पुढं आला आणि कसा खाली आला तेसुद्धा.

आधी तो माझ्यावरच चिडला. "तुला काय कळतं त्यातलं? स्पीकर भिंतीकडं असतील, जनाकाकीनं हलवले असतील." बशीतला चहा तसाच राहिला. मग त्यानं विचारलं, "हसली?"

"हसली रे. वाजत होता तोवर हसत होती."

तो उठला आणि बूथकडं गेला. मीही मागं गेलो. त्यानं नंबर फिरवला, रिसीव्हर कानाला घट्ट धरला आणि डोळे मिटले. पण या वेळी फोन ठेवला नाही. वाजू दिला. वाजत वाजत एक्स्चेंजनंच तोडला, तेव्हा त्यानं डोळे उघडले, ते भरलेले होते, आणि त्यानं लगेच पुन्हा नंबर फिरवला.

बाहेर रांग लागली होती. कुणीतरी काचेवर टकटक केलं. बूथवाला वैतागला, "अहो मोरूशेट, कवापासून वाजतंय. घरात कोण नाय वाटतं."

"हाय की," मोरेश्वर म्हणाला. "आई हाय."

आणि त्यानं फोन वाजू दिला.