पाव्हणं, कुणाकडं?

आमच्या शिरूर-दौंड भागात अनोळखी माणूस गावात उतरला की त्याला पाणी विचारायच्या आधी एक प्रश्न विचारतात. "पाव्हणं, कुणाकडं?" या प्रश्नाला उत्तर असावंच लागतं. तलाठ्याकडं म्हणा, शाळेत म्हणा, गव्हाण्यांच्या वस्तीवर म्हणा. "सहज आलोय, फिरायला" असं म्हणालात तर तुम्ही विहिरीवरची मोटर चोरायला आलाय असं धरून चालतात. वसंत लोंढे हा मला माहीत असलेला एकमेव माणूस, जो विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बघून सांगतो, "तुमच्याकडंच."

विचारणारा गडबडतो. मग हसतो. मग आत वळून म्हणतो, "अगं, चहा टाक." माणसाला दारात उभं करून "आमच्याकडं कशाला?" असं विचारायचं धैर्य आमच्या भागात अजून कोणात आलेलं नाही, आणि मला याचा अभिमान आहे.

एकदा घोटाळा झाला. इनामगावच्या अलीकडं एका वस्तीवर लोंढे असेच "तुमच्याकडंच" म्हणाले. त्या घरात लग्नाची मुलगी होती. घरच्यांनी लोंढ्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, बसायला सतरंजी टाकली आणि पोह्यांची फोडणी दिली. लोंढ्यांनी पोहे खाल्ले, शेंगदाण्यांचं कौतुक केलं, विहीर पाहिली आणि रामराम करून निघाले. निरोप काय द्यायचा म्हणून मुलीच्या चुलत्यानं वेशीपर्यंत येऊन हळूच विचारलं, "मग काय, पसंत हाय का?" लोंढे म्हणाले, "पोहे ओके. लिंबू थोडं रिवर्क."

ही त्यांची बोली. लोंढे रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी विभागात साहेब आहेत. दिवसभर त्यांच्या टेबलावरून सुटे भाग जातात आणि ते म्हणतात ओके, रिजेक्ट, नाहीतर रिवर्क, म्हणजे पुन्हा नीट करून आणा. तीच सवय जिभेला. सकाळची हवा ओके. आमच्या गल्लीतलं गटार रिजेक्ट. माझ्या खोलीच्या भिंतीला त्यांची भिंत लागून आहे, म्हणून माझी पत्रकं छापायला जायच्या आधी मी त्यांना वाचून दाखवतो. ते शांतपणे ऐकतात आणि म्हणतात, "मुद्दा ओके. ओरडणं रिवर्क."

मी एका संघटनेचं काम करतो आणि मला गुळगुळीत लिहिता येत नाही, तेव्हा स्पष्टच लिहितो. फिरण्याच्या नावाखाली आपल्याला लुटलं जातंय. ज्या भागात जन्म गेला त्याच भागात आता कमान उभारून बैल दाखवायचे पैसे घेतात. चुलीजवळ बसून फोटो काढायचे वेगळे. आणि वर पाटी, 'अनलिमिटेड भाकरी'. ज्या मुलखात पाहुण्याच्या ताटातली भाकरी मोजणं म्हणजे बेअब्रू, तिथं ही पाटी लागते आणि कोणाला लाज वाटत नाही. दुसरीकडं लोंढ्यांच्या खात्यातली पोरं हप्त्यावर थायलंडला जातात. चार दिवस हिंडायचं आणि मग वर्षभर त्या हिंडण्याची नोकरी करायची. परत आल्यावर डबा खाताना मोबाइलवर फोटो दाखवतात. सगळ्यांचे फोटो बघून झाले की लोंढे आपला फोटो दाखवतात. एक चिंचेचं झाड, खाली लाल गाडी, गाडीच्या पायरीवर बसून दाढी करणारा ड्रायव्हर.

"हे कुठलं, साहेब?"

"आंबेथडी. नदीकाठ. रूम विथ व्ह्यू."

कारण लोंढे फिरतात ते मुक्कामी गाडीनं. ज्यांना मुक्कामी गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. संध्याकाळी तालुक्याहून शेवटची एसटी निघते, आडगावाला पोचते आणि रात्री तिथंच थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर झोपतात आणि उजाडताना तीच गाडी गावाला घेऊन परत निघते. आमच्या एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी. म्हणून बुधवारी कामावरून सुटले की लोंढे पिशवीत चादर, टॉवेल आणि बेकरीतली खारी घालतात आणि त्या त्या बुधवारी मन जाईल त्या मुक्कामी गाडीत बसतात. सकाळच्या गाडीनं बाकी सगळे तालुक्याला निघतात, तेव्हा लोंढे त्यांना टाटा करतात आणि गावातच राहतात. गुरुवारचा दिवस त्यांचा. डेअरीवर दुधाचं फॅट लावताना बघतात. गुऱ्हाळावर रस आटवायच्या काहिलीजवळ उभं राहून गरम गूळ चाखतात. कासुर्डीला टेम्पोत भाजी भरू लागतात. शुक्रवारी ऑफिसात वांगी, गवार, शेवंतीची फुलं येतात. थायलंडवाली पोरं ती मुकाट घरी नेतात.

इनामगावला तर ते कितीदा गेले असतील. तिथं हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा सापडल्या आहेत. एकदा मीही बरोबर होतो, तेव्हा वाट दाखवणारा गडी आम्हाला म्हणाला, "काय न्हाई तितं. खापरं हायत नुसती." लोंढे त्या टेकाडावर चप्पल काढून उभे राहिले आणि घोड नदीकडं बघत मला म्हणाले, "इथं कोणीतरी पहिल्यांदा कोणालातरी विचारलं असेल बघ, पाव्हणं, कुणाकडं?"

आंबेथडीवर मात्र त्यांचा जास्त जीव. शिरूरहून न्हावऱ्यावरून, भीमा ओलांडून गाडी दौंड तालुक्यात शिरते आणि रस्ता संपतो तिथं आंबेथडी. तिथं निवृत्तीमामा आणि हिरामामी राहतात. सगळं गाव त्यांना मामा-मामीच म्हणतं. मुलगा कामानिमित्त लांब, घरात दोघंच. मामा दिवसातून मोजकं बोलतात. मामी त्यांच्या वाटचंही बोलतात.

मी एकदा लोंढ्यांबरोबर गेलो. गाडीतून उतरतो तोच मामी कमरेवर हात ठेवून उभ्या.

"कुणाकडं आलाय, साहेब?"

"तुमच्याकडंच."

"आमच्याकडं, तर मागल्या खेपंला दिवाबत्तीच्या टायमाला देवळात जाऊन भेळ का खाल्ली? गावात माझी काय राहिली?"

"काकू, तुम्ही घरी नव्हता."

"कुलूप व्हतं का? न्हवतं ना. चुलीवर कालवण व्हतं, दुरडीत भाकर व्हती. हात मोडलं व्हतं का वाढून घ्यायला?" मग माझ्याकडं वळून, "आन् ह्यो कोण?"

"हा पत्रकं काढतो."

"मंग आमच्या साहेबाविरुद्ध एक काढ बाबा. म्हणावं, पाव्हणा कच्चा हाय."

जेवताना मामी दर घासाला परीक्षा घेत होत्या. "पिठलं रिजेक्ट न्हाई ना?" "ओके, काकू." "आन् ठेचा?" लोंढ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी मान हलवून म्हणाले, "ठेचा एक्स्पोर्ट क्वालिटी." मामा तेवढ्यावर पहिल्यांदा हसले.

मला त्या दिवशी एक खटकलं. सगळं गाव मामा म्हणत होतं, कंडक्टर मामा म्हणत होता, तासाभरात मीसुद्धा मामा म्हणायला लागलो. लोंढे मात्र "आबा" म्हणत होते. मग लक्ष ठेवलं, तर हा माणूस कोणालाच मामा म्हणत नाही. चहावाला काका, रिक्षावाला दादा. चौकात शिट्टी फुंकणाऱ्या पोलिसालाही सगळा महाराष्ट्र मामा म्हणतो. लोंढे त्याला "काका, जरा बाजूला घेतो" म्हणाले, तेव्हा तो पोलीसही चमकला होता.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला आंबेथडीची मुक्कामी गाडी बंद करायचं ठरलं. कारण काय, तर प्रतिसाद नाही. डेपोचं नाव लिहीत नाही, सगळे डेपो आपलेच आहेत. पण प्रतिसाद म्हणजे काय? त्या गाडीनं पहाटे चार मुली शिरूरला कॉलेजला जातात. गाडी गेली की त्यांचं कॉलेज गेलं, आणि मग लग्नाचा मांडवच पडतो, हे ज्यांना कळत नाही त्यांनी प्रतिसादाच्या गोष्टी करू नयेत. मी रात्रीत पत्रक लिहिलं आणि वाचून दाखवायला लोंढ्यांकडं गेलो. त्यांनी ऐकलं. ओके म्हणाले नाहीत, रिवर्क म्हणाले नाहीत. ओरडणं तसंच राहू दे म्हणाले.

बुधवारी स्टँडवर आम्ही बाकावर बसलो होतो. मी म्हणालो, "एवढं काय लावून घेता? गाव लढेल त्यांच्या गाडीसाठी. तुम्हाला काय, दुसऱ्या गावाची मुक्कामी धरा."

ते समोरच्या फलाटाकडं बघत होते. मग म्हणाले, "माझ्या आईनं तिच्या मनानं लग्न केलं. तिचं माहेर तुटलं ते तुटलंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्गातली सगळी पोरं मामाकडं जायची. गल्ली रिकामी. शाळा उघडली की गुरुजी निबंध द्यायचे, सुट्टीत मी कुठे गेलो. पहिल्या वर्षी मी कोरा कागद दिला."

"मग?"

"पुढच्या सुट्टीत आईनं पिशवी भरली, नवीन साडी नेसली आणि मला घेऊन मुक्कामी गाडीत बसली. गाव कुठलं, तिलाही माहीत नव्हतं. शेवटचा स्टॉप म्हणाली. गाडीत एका बाईनं विचारलं, कुणाकडं गं? आई खिडकीबाहेर बघायला लागली. तेव्हा मीच त्या बाईला म्हटलं, तुमच्याकडंच."

"आणि ती?"

"हसली. म्हणाली, मंग उतरा की आमच्यासंगं." लोंढ्यांनी पिशवीतली खारी नीट केली. "दोन दिवस राहिलो. आंबे खाल्ले. त्या वर्षी निबंध वर्गात वाचून दाखवला गुरुजींनी."

"ते गाव आंबेथडी?"

"नाही. ते धरणात गेलं." गाडी लागली. ते उठले. "म्हणून म्हणतो, गाडी चालू पाहिजे. गाडी असली की माणूस कुणाकडं तरी जाऊ शकतो."

पुढच्या सोमवारी आम्ही डेपोवर गेलो. गावातली पंधरावीस माणसं, त्या चार मुली, मामा-मामी, मी आणि रजा टाकून आलेले लोंढे. अधिकारी तसा वाईट नव्हता, पण कंटाळलेला होता. मी मुद्दे मांडले, जरा जोरातच मांडले. मुलींनी सांगितलं. मग लोंढे पुढं झाले आणि त्यांच्या भाषेत समजावू लागले, की साहेब, एक पीस खराब निघाला म्हणून आपण लाइन बंद करत नाही, रिवर्क करतो. वेळ थोडी बदलून बघा, डेअरीच्या वेळेला जोडून बघा.

अधिकाऱ्यानं त्यांना थांबवलं. "तुम्ही आंबेथडीचे?"

"नाही. शिरूर."

"मग शेती आहे का तिथं?"

"नाही."

"कोणी नातेवाईक?" अधिकारी कागद बाजूला सारत म्हणाला, "मग या गाडीशी तुमचा संबंध काय? तुम्ही आलाय कुणाकडून?"

प्रश्न तोच होता, फक्त सरकारी. आणि दोन तालुक्यांत या प्रश्नाला न अडखळणारा माणूस अडखळला. त्या माणसाला "तुमच्याकडूनच" कसं म्हणणार. लोंढे खिडकीकडं बघायला लागले. मला त्यांच्या आईची आठवण झाली, जिला मी कधी पाहिलं नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून निवृत्तीमामांचा आवाज आला. हा माणूस सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता.

"भाचा हाय माझा."

अधिकाऱ्यानं वर बघितलं. "सख्खा?"

"आता सख्खं-चुलत बी गाडीत बघत्यात व्हय?" मामी पुढं सरसावल्या. "दर म्हयन्याला येतो. येताना खारी आणतो, जाताना वांगी नेतो. मामाच्या गावाला अजून काय करत्यात? तुम्ही काय करता?"

अधिकारी हसला. खोलीतला कंटाळा जरा कमी झाला. मुलींपैकी एक हळूच म्हणाली, "सर, डेअरीच्या टायमाचं ते खरं हाय." मग कागद पुन्हा पुढं ओढला गेला, वेळेवर चर्चा झाली, आणि पावसाळ्यापर्यंत गाडी चालवून बघू असं ठरलं. पावसाळा झाला. गाडी चालू आहे. यात माझ्या पत्रकाचा वाटा आहे असं मी सगळ्यांना सांगतो, आणि तो आहेच.

पण मला अभिमान त्याचा नाही. मला अभिमान या मुलखाचा आहे, जिथं पत्रकातल्या माझ्या तीन परिच्छेदांनी जे झालं नसतं ते एका न बोलणाऱ्या म्हाताऱ्याच्या तीन शब्दांनी झालं. कारखान्यातल्या पोरांनी मंगळवारी विचारलं, साहेब, रजा कशी गेली, तर म्हणे लोंढे नुसतेच "ओके" म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

त्यानंतरच्या बुधवारी मी त्यांच्याबरोबर गाडीत होतो. न्हावऱ्याला एक नवीन मास्तर चढला, आंबेथडीच्या शाळेवर बदली झालेला. गाडीत ओळख काढायची म्हणून त्यानं लोंढ्यांच्या मांडीवरच्या पिशवीकडं बघत विचारलं, "आंबेथडीला का? कुणाकडं?"

मी उत्तराची वाट बघत होतो, मला ते पाठच होतं.

लोंढ्यांनी पिशवी जवळ ओढली. "मामाकडं," ते म्हणाले, आणि मास्तरला खारी पुढं केली.