वाटी रिकामी द्यायची नसते

सासूला गोळी घ्यायला लावणं म्हणजे काय अवघड काम आहे का? मी बी.एस्सी. झालेली बाई! एका दुपारी पटवून मोकळी झाले. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

आमच्या आईंचे, म्हणजे सासूबाई शकुंतलाबाईंचे, हृदयाचे ठोके बिघडले होते. डॉक्टरांनी त्याला एट्रियल फिब्रिलेशन असं भारदस्त नाव सांगितलं. म्हणजे हृदय तालात चालायचं सोडून, नांदुऱ्याच्या रेल्वे फाटकात उभ्या असलेल्या ऑटोसारखं जागच्या जागी थरथरतं! त्यात रक्ताची गुठळी झाली आणि मेंदूत गेली, तर लकवा! डॉक्टर म्हणाले, "रक्त पातळ करायची गोळी घ्या. रक्त वाहण्याचा थोडा धोका असतो, पण तुमच्यासाठी फायदाच जास्त आहे. विचार करून सांगा."

आईंनी विचार केला. "माह्या घरात वरण पातळ चालत नाही, अन् रक्त पातळ करू?"

झालं! माझी झोप उडाली. माझी लेक इरा आजीच्या मांडीवर चढून खिदळायची आणि मी, आजीचं तोंड एका बाजूला वाकडं तर होत नाही ना, हे टक लावून बघायची. बोटाला लावायचं नाडीचं यंत्र आणलं. चहा घेताना लाव, शेंगा सोलताना लाव. आई देवापुढे हात जोडायच्या, तर मी त्यातलं एक बोट सोडवून घ्यायची!

शेवटी इराच्या पाटीवर हृदय काढून (ते वांग्यासारखं आलं, पण असो) मी दणदणीत भाषण ठोकलं. आई म्हणाल्या, "हाव बाप्पा, घेतो. पण पाकीट माह्याजवळ दे. मी माह्या हातानं घेईन."

जिंकले! ह्यांना ऑफिसात फोन केला, माहेरी फोन केला, कौतुक करून घेतलं.

आठवड्याभराने मी सहज म्हटलं, "आई, पाकीट संपत आलं असेल. बघू बरं."

आई मेथी निवडतच राहिल्या. "ते शेजारच्या अन्नपूर्णाबाईले देल्लं."

"काय!"

"अवं, तिनं वाटीभर लोणचं देल्लं होतं. वाटी रिकामी कशी परत करू? घरात काही नव्हतं. तिची छाती धडधडते म्हणे. सकाळीच देऊन आली. कोरं पाकीट हाय, मी कोणाले उष्टं देत नाही!"

कोरं! म्हणजे आईंनी एकही गोळी घेतली नव्हती! पण त्यावर रडायला वेळ कुठे होता? इराला कडेवर मारलं आणि अनवाणी शेजारी धावले.

अन्नपूर्णाबाई ओसरीत बाजेवर आडव्या. तोंड उघडं. हनुवटीवर लाल ओघळ!

"रक्त! रुपाली, तुझ्या सासूला रक्त आलं गं! किती गोळ्या खाल्ल्या त्यांनी?"

रुपाली लाटण्यासकट बाहेर आली आणि तिने भोकाडच पसरलं. "आत्याबाईनं गोळ्या खाल्ल्या व माय!"

गल्ली गोळा झाली. समोरच्या जनकाबाईंनी रुपालीकडे रोखून बघितलं. "काऊन वं? काय बोलली तू तिले?"

"मी काहीच नाही बोलली हो!"

"ऑटो बोलवा!" मी ओरडले. "पाय धरा! डोकं धरा!"

पाय धरताच बाजेवरचा देह उठून बसला. "काय झालं? कोण मेलं?"

"तुम्हीच!" जनकाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"पान खाऊन जरा डोळा लागला, तं मेली का मी?"

मी पुढे झाले. "काकू, त्या गोळ्या?"

त्यांनी पानाच्या बटव्यातून पाकीट काढलं. जसंच्या तसं! मी तिथेच फतकल मारली आणि इराचे मुकेच मुके घेतले.

"हे? हेच गोळी तं मी कधीची घेतो," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "माह्यावाली माह्याजवळ हाय. डॉक्टरनं देल्ली त्याहून जास्त कायले खाऊ? शकुंतले, तुही तू घे!"

आई मागेच येऊन उभ्या होत्या. "तू घेतं? अन् मले सांगतलं नाही!"

"तू इचारलं?"

"अन् त्रास?"

"दात घासताना जरासं रक्त दिसलं. डॉक्टरले सांगतलं. त्यानं तपासलं, नरम बिरश घ्याले लावला. बस!"

आईंनी क्षणभर विचार केला. "अन् तुह्यं वरण तं अजून घट्टच असते... रुपाली, पाणी आण."

आणि माझं भाषण, पाटी, वांगं, सगळ्यावर पाणी ओतून आईंनी भर गल्लीत पहिली गोळी गिळली!

आता दोघी रोज भिंतीवरून ओरडतात. "घेतली का वं?" "घेतली!" त्या आवाजानं मला जे बरं वाटतं, ते कुठल्या गोळीनं वाटणार नाही. मी झोपते सुद्धा!

फक्त आज ते नाडीचं यंत्र सापडेना. कपाट झालं, इराची खेळणी झाली.

"आई, काल वाटीत काय दिलंत?"

"रिकामी नाही देल्ली," आई शांतपणे म्हणाल्या.

तेवढ्यात भिंतीपलीकडून अन्नपूर्णाबाईंचा आवाज आला, "रुपाली, सोड माय माह्यं बोट! हात तं जोडू दे देवाले!"

यंत्र परत मागावं की नाही? मी आईंकडे बघितलं. त्या दोन्ही हातांनी, दहाही बोटांनी, निवांत शेंगा सोलत होत्या. मी गुपचूप समोर बसले आणि एक मूठ शेंगा उचलली.