सबनीसांचा डोंगर

आमचे शेजारी सबनीस डोंगराबद्दल बोलायचं झालं की आधी लिफ्टचं दार पूर्ण बंद होऊ देत. मग कॅमेऱ्याकडे पाठ करून पुटपुटत, "अर्ध्या उंचीच्या वर एकही झाड नाही. हे बाहेर नको."

दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. सबनीसांची कंपनी पार उत्तरेकडच्या एका शिखराची हुबेहूब नक्कल तिथेच छपराखाली उभारणार होती, खऱ्या बर्फासकट. बर्फ, वारा, झाडं कुठे किती, हे ठरवणं सबनीसांकडे. महाबळेश्वरपलीकडे थंडी न पाहिलेला हा माणूस त्या शिखराबद्दल सासुरवाडीसारखं बोले. "वाऱ्याच्या बाजूला बर्फ टिकत नाही हो, आडोशाला साठतो. आणि उत्तरेच्या उतारावर खालची जमीन बारमाही गोठलेली!"

माझी बायको एकदा सहज म्हणाली, "वर एखादं झाड लावलं तर छान दिसेल, नाही?"

सबनीसांनी डोळे बारीक केले. "वहिनी, हे तुम्हाला कुणी विचारायला सांगितलं?"

मग मंदी आली आणि डोंगराचं काम खलास. शाळेचं वर्ष संपताच सबनीसांनी बायकोला आणि दहा वर्षांच्या अन्वीला पुण्याला पाठवलं. स्वतः ऑफिस आवरायला मागे राहिले आणि रोज संध्याकाळी एकेक खोका घरी आणू लागले. तेव्हा कर्जात बुडालेले लोक एअरपोर्टवर गाड्या सोडून रातोरात गायब होत होते. मी दाराच्या भिंगाला डोळा लावून खोके मोजू लागलो.

"कंपनीचे कॉम्प्युटर असणार," बायको म्हणाली.

"पळायची तयारी दिसतेय," मी म्हणालो.

वॉचमननेही भर घातली, "साब लाते रोज हैं, ले के कुछ नहीं जाते."

शेवटी एका शुक्रवारी सकाळी पोह्यांची बशी घेऊन मी बेल वाजवली. दार चार बोटं उघडलं.

"कुणी पाठवलं?"

"बायकोने. पोहे आहेत."

पोह्यांमुळे आत प्रवेश मिळाला. बेडरूममध्ये कंपनीतलं डोंगराचं मॉडेल तुकडे जोडून उभं होतं, चांगलं कमरेएवढं. आडोशाच्या बाजूला मैदा चाळून बर्फ केला होता. समोर कॅमेरा.

"कचऱ्यात टाकत होते हो," सबनीस म्हणाले. "अन्वीला सांगून बसलोय, डोंगर झाला की पहिला बर्फ तू तुडवायचा. बंद पडला हे कोणत्या तोंडाने सांगू? दर शुक्रवारी फोटो पाठवतो, डोंगर थोडा थोडा वर चढवतो. आज शिखर पाठवलं."

तेवढ्यात तिचाच फोन आला. दोन शब्द बोलून त्यांनी तो माझ्या हातात कोंबला. "तुम्ही सांगा. माझ्यावर हल्ली विश्वास बसत नाही तिचा."

"हो गं अन्वी," मी म्हणालो, "शिखर झालं. मी स्वतः पाहिलं."

पलीकडून ती हळूच म्हणाली, "काका, I know it's closed. आईने सांगितलं. But please, बाबांना सांगू नका. He'll be so sad."

"काय म्हणतेय?" सबनीस अगदी जवळ आले.

या माणसावर मी भिंगातून पाळत ठेवली होती. मला मनापासून लाज वाटली.

"विचारतेय, तिथे यायचं तर कपडे कुठले आणू."

सबनीसांनी फोन जवळजवळ हिसकावलाच. लोकरीचे मोजे दोन-दोन घाल, कान झाक, वारा उत्तरेचा असतो, असं ते कितीतरी वेळ तिला समजावत राहिले. आणि ती पलीकडून प्रत्येक वाक्याला म्हणत होती, "ओके बाबा. ओके."