मागणीप्रमाणे बालपण

गोदामप्रमुखाने कुणाला शेवटचा नकार कधी दिला, हे त्याच्या बायकोलाही आठवत नव्हतं, आणि तिला बाकी सगळं आठवायचं. तीन सहकाऱ्यांच्या पाळ्या तो करत होता, शेजाऱ्यांची मांजर सांभाळत होता. आता साहेबांनी "जाल ना?" एवढंच विचारलं, तर रात्रभराच्या प्रवासावरच्या गोदामात दोन वर्षं जायलाही त्याने मान हलवली. बदलीच्या आदेशावर सही व्हायला दीड महिना होता.

"अहो, मी आणि बाबा इथे, तुम्ही तिथे. हवंय का हे तुम्हाला?"

"नकोय गं."

"मग सांगा की साहेबांना!"

"त्यांना वाईट वाटेल."

बायकोने कपाळावर हात मारला आणि एका मानसोपचारवाल्या बाईंची दर मंगळवारची वेळ घेऊन टाकली. त्यालाही तो हो म्हणाला.

बाईंकडे गोळ्या नव्हत्या, सल्लेही नव्हते. आजचं वागणं लहानपणीच्या कुठल्या भीतीतून, कुठल्या मायेतून आलंय, ते माणसाने बोलता बोलता आपणच ओळखायचं, अशी त्यांची पद्धत. त्या नुसत्या वहीवर पेन टेकवून वाट बघायच्या.

"लहानपणी घरात कुणाला घाबरायचात?"

"तसं कुणी आठवत नाही बुवा."

पेन जागचं हललं नाही. गोदामप्रमुखाला घाम फुटला. वीस वर्षांत गोदामातल्या त्याच्या खिडकीवरून कुणी रिकाम्या हाताने परत गेलं नव्हतं. आणि ह्या बाई बिचाऱ्या इतक्या आशेने बसलेल्या.

"वडील," तो म्हणाला, "जरा कडक होते."

पेन धावायला लागलं.

दुसऱ्या मंगळवारी वडील तापट झाले. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी मुलाला कपाटात कोंडलं. चौथ्याला कपाटात डांबराच्या गोळ्यांचा वास आला. पाचव्याला बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "तुमची तयारी असेल, तर एकदा वडिलांना आणाल?"

"आणतो की," तोंडातून निघून गेलं.

वडील म्हणजे पुस्तकं बांधण्यात हयात घालवलेला, खुर्चीला पाय लागला तर खुर्चीची माफी मागणारा माणूस. वाटेत बसमध्ये मुलाने खरं सांगायला तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा बाबाच म्हणाले, "खिडकीशी बसतोस का? बस ना."

बाईंनी अगदी हळुवार विचारलं, "मुलाला कपाटात कोंडायचात, ते आठवतं का तुम्हाला?"

बाबांनी मुलाकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. थांबलेल्या पेनाकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "कोंडायचो."

"किती वेळ?"

"तुमच्या वहीत किती लिहिलंय?"

"एक तास."

"तासच. कधी कधी दीड."

"बाबा!" गोदामप्रमुख उठून उभाच राहिला. "काहीतरीच काय बोलताय! कपाट होतं कुठे आपल्याकडे? दोन ट्रंका होत्या! जन्मात कधी आवाज चढवलात का तुम्ही? न केलेल्या गोष्टीला हो कशाला म्हणायचं?"

"अरे, त्या एवढ्या आपुलकीने विचारताहेत. त्यांना वाईट वाटेल ना."

गोदामप्रमुख मटकन खाली बसला. हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं.

बाईंनी वही मिटली. "पाच आठवड्यांत आज पहिल्यांदा तुम्ही माझ्यासमोर कुणाचं तरी म्हणणं खोडून काढलंत."

"तुम्ही रागावलात का?" त्याने विचारलं.

"रागावलेय. दमलेही आहे. पण बघा, तरी आपण तिघं इथेच बसलोय."

"चुकलंच हो," बाबा म्हणाले. त्यांनी काही केलंच नव्हतं, तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामप्रमुख साहेबांच्या खोलीत गेला. शर्ट पाठीला चिकटला होता.

"साहेब, तिकडे... मी जाणार नाही. घरी अडचण होते. मला जायचं नाही."

साहेबांनी मान वर केली. "बरं," ते म्हणाले, आणि यादीत त्याच्या नावावर काट मारून खाली दुसरं लिहिलं. "दार लोटून घ्या जाताना."

तो खिडकीवर येऊन बसला. बदली टळली होती. घरी फोन करून सांगायला हवं होतं. पण अर्धा तास तो नुसता बसून राहिला, कारण आत काहीतरी सलत होतं. वीस वर्षं घाम गाळला ह्या माणसासाठी, आणि साधा एकदा आग्रहसुद्धा करू नये?

मग त्याने डायरी काढली आणि पुढच्या मंगळवारच्या पानावर हे लिहून ठेवलं. बाईंना द्यायला पहिल्यांदाच त्याच्याकडे अस्सल माल आला होता.