धूरमुक्त वाडी

सन १९६१च्या एप्रिलात लोहगडाखालच्या एका वाडीला सरकारने सूर्य मंजूर केला. त्याआधी तो तिथे विनापरवाना उगवत असे.

मंजुरी एका पेटीतून आली. तिचं नाव सूर्यचूल. वाडीत सपाट अंगण सावित्राबाईचं एकटीचंच, म्हणून गटविकास अधिकाऱ्यांनी ती तिथे मांडली आणि जमलेल्या बायांना समजावून सांगितलं, "आरसा ऊन पेटीत लोटतो. आतला काळा रंग ते शोषून घेतो. वरची काच उष्णता बाहेर जाऊ देत नाही. लाकूड नको, फुंकणी नको, खोकला नको!" आणि दुपारपर्यंत भात खरोखरच शिजला. उगाच आळ कशाला घ्या? शास्त्र शंभर नंबरी होतं.

"पर सायेब," सावित्राबाई म्हणाली, "आमी दिस उगवायच्या आदी रोजावर जातो, दिस बुडाल्यावर येतो. तवा ऊन कुटं असतं?"

"जेवणाची वेळ बदला."

"आन भाकरी कशी भाजायची?"

"भात पौष्टिक असतो," साहेब म्हणाले आणि वाडी धूरमुक्त झाल्याचं जाहीर करून जीपमध्ये बसले.

दुसऱ्याच आठवड्यात जंगलखात्याचा रखवालदार गोरख सावित्राबाईला वाटेत आडवा आला. "मावशी, मोळी खाली ठेव."

"आरं, चुलीला नगं का?"

"चूल कुटं हाय तुमच्यात? वाडी धूरमुक्त झाली न्हवं? चूल न्हाई तर सरपण न्हाई. मला हुकूम हाय."

जप्त केलेली मोळी तो आपल्या घरी घेऊन गेला. त्याचं गाव अजून धूरमुक्त व्हायचं होतं.

उन्हाळाभर सावित्राबाईने दुपारचा भात रात्री गार खाल्ला आणि सोसलं. मग आषाढ लागला. मावळात आषाढात सूर्य जो रजेवर जातो तो एकदम भादव्यात हजर होतो. पेटीत बेडूक राहायला आला. आणि नेमकी तेव्हाच सावित्राबाईची सून बाळंत झाली. ओली बाळंतीण, भिंतींना ओल, आणि घरात विस्तव नाही! मला तर नुसतं ऐकूनच संताप आला होता.

सावित्राबाई डोक्यावर इरलं घेऊन भर पावसात कचेरीत गेली. "सायेब, सुनंला शेक पायजे, ऊन पानी पायजे. येक मोळी आणू द्या."

साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांचा चेहरा खरोखर उतरला. "मावशी, तुमच्या वाडीत चूलच नाही. नसलेल्या चुलीला सरपण कोणत्या आधारावर देऊ?"

"मंग ऊन द्या."

"ते आमच्या खात्याकडे नाही."

सावित्राबाईने इरल्याचं पाणी तिथेच निथळू दिलं. "मंग तपासाया तरी या. पावसात पेटी चालती का न्हाई, तुमीच बगा."

साहेबांनी खिडकीतून पावसाकडे बघितलं. "येऊ. पण गारठा फार. चहा मिळेल ना?"

"कशावर करू?"

शेजारी बसलेले ग्रामसेवक हौशीराम खाकरले. तपासणीला येणाऱ्यांच्या चहासाठी सरपण देता येतं, असा नियम होता. उन्हाची तरतूद नव्हती, बाळंतिणीची नव्हती, साहेबांच्या चहाची होती. मोळी ताबडतोब मंजूर झाली.

"मंग रोज या," सावित्राबाई म्हणाली. "पावसाचा काय भरवसा, येका दिसात काय कळतंय?"

साहेबांना ते पटलं. तपासणी रोज होऊ लागली. चहा झाला की त्याच विस्तवावर न्हाणीचं पाणी तापायचं, निखारे बाजेखाली जायचे, बाळ शेकून निघायचं. नातू चांगला बाळसं धरू लागला. चूल मात्र वाडीत नव्हती ती नव्हतीच.

रोजच्या जीपमुळे सूर्यचुलीची कीर्ती पुण्यापर्यंत गेली आणि धुक्यातला गड बघायला येणारी हौशी मंडळी तीही बघायला येऊ लागली. म्हणजे तुम्हीच. मागे वळून काय बघता? त्या श्रावणात धो धो पावसात सावित्राबाईच्या पडवीत बसून तुम्ही चहा प्यालात. कुडापलीकडून धूर येत होता, तुमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तरी दुसऱ्यांदा कप पुढे करत तुम्ही बरोबरच्या मंडळींना म्हणालात, "काही म्हणा, उन्हावरच्या चहाची चवच निराळी!"