दिवस मावळायच्या आत चार्जिंग

आमच्या तळमजल्यावरचे अण्णा मगदूम कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात लावतात. माणसांना नमस्कार नंतर. भिंतीवरच्या प्लगात जो कुठला चार्जर लटकत असेल त्याला ते उजव्या हाताची मागची बाजू टेकवतात, तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तशी. मग क्षणभर डोळे मिटतात आणि विचारतात, "गरम हाय काय?"

आता हात यांनीच लावलेला, गरम आहे की गार ते यांनाच कळणार. पण उत्तर आपण द्यायचं. "नाही अण्णा" असं घरातल्या कुणीतरी म्हटल्याशिवाय गृहस्थ खुर्चीत बसत नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याला नवऱ्यामुलाचे वडील हात जोडून समोर उभे, आणि अण्णा त्यांच्या बगलेखालून वाकून फोटोग्राफरच्या चार्जरचा ताप बघतायत! व्याही गोंधळले. मी म्हटलं, आमच्याकडची पद्धत आहे. दुसरं काय सांगणार?

अण्णांचं बॅटरीचं दुकान होतं. कागलच्या रस्त्याला, चाळीस वर्षं. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, कुठलीही बॅटरी बसली की लोक अण्णांकडे आणायचे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी एकाएकी दुकान बंद केलं. "गुडघं दुखत्यात," म्हणाले. पण हे दुखरे गुडघे घेऊन माणूस दिवसातून आठ वेळा तिसऱ्या मजल्यावर चढतो, कुणाचा मोबाईल उशीखाली चार्जिंगला आहे का ते बघायला. आम्ही मंगळवार पेठेतली माणसं. दुसऱ्याच्या गुडघ्यांची चौकशी करण्यात आम्ही मागे राहत नाही, पण अण्णांनी कधी ताकास तूर लागू दिली नाही.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणतो. उडदाचे पापड करावेत तर अक्कांनी. पापड तळतानाच उकळतं तेल सांडून त्यांचा उजवा तळहात भाजला, तेव्हापासून त्या डाव्या हातानं वाढतात. माझ्या सासूबाईंना ते अजून खपत नाही. पापड मात्र खपतात.

अण्णांचं सगळं बॅटरीशास्त्र म्हशीवर उभं आहे. "बॅटरी म्हंजे म्हस हाय," ते सांगतात. "तडस लागंस्तवर चारायची न्हाय. पार उपाशी बी मारायची न्हाय. उनातनं आली की लगीच दावणीला बांधायची न्हाय, जरा निवू द्यायची. पडली-आपटली तर आधी चार दिवस लांब बांधून नजर ठेवायची. आणि पोट फुगलं की संपलं! मग तिला घरात घ्यायचंच न्हाय." दुसऱ्या कंपनीचा चार्जर लावणं म्हणजे म्हशीला कुत्र्याचं बिस्किट घालणं. हे सगळं ते एवढ्या मोठ्यानं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, भांडण चाललंय.

गेल्या वर्षी माझा मावसभाऊ दुबईहून आला होता. त्याच्याकडे ती विजेवर चालणारी सिगारेट. आपल्याकडे तिला बंदी आहे हे त्याला पक्कं ठाऊक, तरी पठ्ठ्यानं आणलीच. संध्याकाळी आम्ही अण्णांना घेऊन दूध कट्ट्यावर गेलो. समोर म्हैस पिळतायत, फेसाळ ग्लास हातात आलाय, आणि भावानं रुमाल काढायला खिशात हात घातला. रुमालाबरोबर गाडीच्या किल्ल्या आल्या, चिल्लर आली, आणि बोटाएवढी एक बॅटरी आली.

"पावणं, हालू नका!" अण्णा ओरडले.

भाऊ थिजला. दूध काढणारा थांबला. म्हशीनंसुद्धा मान वळवली.

"काय वो हे? उघडी बॅटरी, किल्ल्या आन चिल्लर एकाच खिशात? दोन्ही टोकांस्नी लोखंड टेकलं की लागलीच की आग! आणि लागंल कुठं? जरा इचार करा. अजून लगीन व्हायचंय तुमचं!"

सगळा कट्टा हसला. भाऊ लालेलाल. "अहो, लहानशी तर आहे," तो पुटपुटला.

"इंगळी बी ल्हानच असती की!" अण्णांनी खिशातून काळ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं. ते त्यांच्याकडे कायम असतं, इतरांकडे तंबाखूची पुडी असते तसं. बॅटरीच्या दोन्ही टोकांना पट्टी लावली, स्वतःचा चष्मा घरातून काढून नाकावर चढवला आणि त्या रिकाम्या घरात ती बॅटरी झोपवली. "घ्या. ती नळी वढायचं सोडलासा तर लै बरं. न्हाय सोडलासा तर निदान हिला डब्यात ठेवा. आणि चार्जिंगला लावून आंघोळीला जाऊ नका." पुढचे पंधरा दिवस अण्णांचा चष्मा रुमालात गुंडाळलेला होता. मध्ये भावाचा दुबईहून फोन आला. नळी सुटलेली नाही म्हणे, पण बॅटरी अजून चष्म्याच्या घरातच राहते.

इथपर्यंत मला अण्णांचं कौतुकच होतं. दुसऱ्याच्या चार्जरवर चाललेली गंमत कुणाला आवडत नाही? मग मी विजेवरची स्कूटर घेतली.

अहाहा, काय गाडी! मोरपिशी रंग, आवाज नाही, धूर नाही. मी पन्हाळ्याच्या तालुका ऑफिसात कारकून आहे. वीस वर्षं एसटीच्या दांड्याला लटकून गड चढले, आता स्वतःच्या गाडीनं चढणार होते. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाड्या चार्ज करायला एक बोर्ड आहे. जिन्यापासून लांब, भिंतीच्या कडेला, शेजारी वाळूच्या चार बादल्या. ही जागा अण्णांनीच भांडून ठरवून घेतली. "जिन्यात लावायची न्हाय. आग लागली तर माणसं कुठनं पळणार?" बोर्डाला कुलूप, आणि किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून अण्णांच्या गळ्यात. दुकानाची किल्ली गेली आणि ही आली.

बोर्डाचा नियम एकच. मगदूम घराणं जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारं. अण्णांनी तोच नियम बॅटरीला लावला. उन्हं उतरली की बोर्ड बंद. "दिस मावळल्यावर आमी जेवत न्हाय, मग ह्येंनी का जेवायचं? समदी झोपल्यावर बघणार कोण ह्येंच्याकडं?" मी सहा वाजता घरी येते. म्हणजे माझ्या गाडीनं रविवारीच काय ते जेवायचं!

गाडी आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी ती दिवसभर मिरवली. माहेरी नेली, देवळात नेली, नारळ फोडला, पेढे वाटले. चारला चार्जिंगला लावली. सोमवारी सकाळी ऑफिसातल्या वंदनाला मागे बसवलं आणि निघाले. आकडा पुरता भरलेला नव्हता, पण उत्साहात मी कसली बघते! कंपनीनं सांगितलेलं अंतर वेगळं आणि वंदनाला मागे घेऊन घाट चढायचं अंतर वेगळं, हे मला शेवटच्या वळणावर कळलं. गाडी गपकन थांबली. आम्ही दोघी साड्या खोचून ढकलतोय, आणि शेजारून सहलीची बस चाललीय. खिडक्यांतून पोरं ओरडतायत, "जोर लावा मावशी!"

मावशी! मला!

संध्याकाळी टेम्पोत गाडी घालून घरी आले ती थेट अण्णांच्या समोर उभी राहिले. "प्लग तुम्ही काढलात?"

"काढला की. दिस मावळला हुता."

वीस वर्षं सरकारी ऑफिसात काढलेली बाई चिडली की बोलत नाही, अर्ज लिहिते. 'विषय : पार्किंगमधील बोर्डाची किल्ली श्री. मगदूम यांच्याकडून काढून घेणेबाबत.' बारा घरांपैकी अकरांच्या सह्या दोन दिवसांत झाल्या. सगळ्यांचेच प्लग कधी ना कधी निघाले होते. उरलं ते अण्णांचं घर, आणि ते अक्कांच्या नावावर. अकरा पुरे होत्या, पण मी हट्टाला पेटले होते. म्हटलं, बारावी सहीसुद्धा घेणार. सुट्टीच्या दिवशी पाचच्या सुमाराला गेले. अण्णा खाली बोर्डापाशी होते. अक्का भाकऱ्या आटपून पानं मांडत होत्या.

त्यांनी अर्ज सावकाश वाचला. रागावल्या नाहीत. "पेन दे," म्हणाल्या, आणि डाव्या हातात धरलं.

"अक्का, डाव्या हातानं सही?"

"उजव्याची मूठ कुठं वळतीया आता." त्यांनी तळहात उघडून दाखवला. इतकी वर्षं शेजारी राहून मी तो कधी नीट बघितला नव्हता. बोटांच्या मुळापासून मनगटापर्यंत कातडी आवळून चकाकत होती.

"तेलानं एवढं भाजलं?"

"त्याल न्हवं त्ये." त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "दुकानात नव्या जातीच्या बॅटऱ्या यायला लागल्यावर कुणाच्या तरी विजेच्या सायकलची एक आल्ती. पोट फुगल्याली. ह्येंचा सगळा जन्म ट्रॅक्टरच्या बॅटरीत गेला. ती रिकामी ठेवली की मरती, सारखी भरत ऱ्हावं लागतंय, जरा गरम झाली तरी कायबी बिघडत न्हाय. हीबी तसलीच समजले. घरी आणली, दुपारची हितं उशापाशी लावली आणि हे आडवे झाले. मी हात लावून बघितला. म्हटलं, अवो, लै गरम हाय. तर म्हणाले, भरताना हुतीया गरम, झोप गप."

अक्कांनी मांडलेलं एक पान सरळ केलं.

"मग धूर निघाय लागला. हे घोरत हुते. मी उचलली आणि दारातनं भाईर फेकली."

मांजराचं पिल्लू बाहेर टाकल्यासारखं सांगितलं त्यांनी.

"दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप. ह्येंनी गुडघं सांगितलं, मी त्याल सांगितलं. चाळीस वर्सं बॅटरीवाला म्हणून नाव हाय माणसाचं. त्येच्याच बायकोचा हात बॅटरीनं भाजला, असं लोकांस्नी कसं सांगायचं?"

"अण्णांसमोर सांगता तेल म्हणून?"

"शेजारीच बसल्याले असत्यात की. खाली बघत्यात."

मला माझ्या अर्जाची लाज वाटली. खरंच वाटली. तो हळूच पर्समध्ये सरकवावा म्हणते तोवर दारात चपला वाजल्या. अण्णा आत आले, सवयीनं माझ्या पर्सवरच्या मोबाईलला हात लावला, आणि शेजारचा कागद त्यांनी उचलला. 'विषय' वाचला. अकरा सह्या वाचल्या, एकेका नावावर बोट ठेवून. मग गळ्यातला काळा दोरा काढून किल्ली माझ्यासमोर ठेवली. एवढा दणदणीत आवाजाचा माणूस, पण मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"घ्या, वैनी. चुकलं असंल माझं. पर कुणाची बॅटरी चालू हाय आन मी झोपलोय, हे जमत न्हाय बगा मला. डोळाच लागत न्हाय. ज्येला किल्ली द्याल त्यो जागा ऱ्हाणारा बघा, एवढंच."

मला वाईट वाटलं की मी भांडते.

"अण्णा, घाटात ढकलली मी गाडी! पोरं मला मावशी म्हणाली!"

"मग पन्हाळ्याला जायाचंय म्हणून सांगायचं की!" त्यांचा आवाज एकदम मूळ पदावर आला. "मला काय सपान पडतंय? रविवारी उजाडल्याबरोबर लावली असती. दुपारपातूर भरली असती!"

"रविवारचं झालं. रोजचं काय? मी सहाला येते!"

"मग सकाळनं लावा!"

"सकाळी बोर्ड बंद असतो तुमचा!"

"तुमी म्हणाला न्हाईसा म्हणून बंद हाय! मी चारला उठून बसल्यालो असतोय, भिंतीकडं बघत!"

"मग पाचला उघडा!"

"साडेचारला उघडतो! शेजारी खुर्ची टाकून बसतो, तुमी निघंस्तवर!"

किल्ली मी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी ती गळ्यात घातली. अर्जाची घडी करून अक्कांनी पापडाच्या डब्याखाली ठेवून दिली. डबा जरा डुगडुगत होता, तो नीट बसला.

"जेवून घ्या आता, उनं चालली," अक्का म्हणाल्या. अण्णा पानावर बसले. पण घासाला हात घालण्याआधी त्यांनी अक्कांचा उजवा हात ओढून घेतला, तळवा वर केला, आणि त्यावर आपल्या हाताची मागची बाजू टेकवली. मी बसलेय हे ते विसरले होते बहुतेक. डोळे मिटले.

"गरम हाय काय?"

"न्हाय वो," अक्का म्हणाल्या. "कवाच निवलाय." आणि डाव्या हातानं त्यांच्या पानात भाकरी वाढली.