अर्धा अंश कमी

पोहण्याच्या तलावाचं पाणी किती गरम ठेवायचं, हे मॅनेजर ठरवायचा. त्यात बदल झाला की सभासदांना कळवायचं काम भाच्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमचं. ही नोकरी त्याला तलावाची जुनी सभासद असलेल्या आत्याने मिळवून दिली होती. "महिनाभर बघतील, मग कायम करतील. माझं नाक कापू नकोस," एवढंच तिने बजावलं होतं.

भाच्याने नियम सरळ ठेवला: आकडा बदलला, की नऊशे सभासदांना मेसेज. पहिल्याच सकाळी मॅनेजरने पाणी सत्तावीस अंशांवरून अठ्ठावीसवर न्यायला घेतलं. बटण एकदा दाबलं की आकडा एक दशांशाने सरकायचा. दहादा दाबलं, दहा मेसेज गेले. मग त्याला वाटलं, जास्त होतंय. तो खाली आला. मग वाटलं, छे, मघाचंच बरं. पुन्हा वर.

दुपारी आत्याचा फोन. "अरे मेल्या, तीस वेळा फोन थरथरला! मी दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसलेली. तो दचकला आणि किडका सोडून चांगला दात धरला त्याने!"

मॅनेजरही वैतागला. "अहो, मोठा बदल झाला तरच सांगा ना!"

"मोठा म्हणजे किती?"

"आता तेही मीच सांगू? मग तुम्हाला कशाला ठेवलंय?"

भाच्याने दोन दिवस नखं खाल्ली आणि ठरवलं: दिवसातून एकदाच बघायचं; एक अंशाहून कमी फरक पडला असेल, तर गप्प बसायचं. शांतता झाली. मॅनेजरने पाठही थोपटली.

त्याच सुमारास तलावाचा जुना हीटर धापा टाकू लागला. त्याला जपायचं म्हणून मॅनेजर रोज अर्धा अंश उतरवू लागला. प्रोग्रॅम रोज आजचा आकडा कालच्याशी ताडून बघायचा. फरक अर्ध्याचा, म्हणजे गप्प. बारा दिवसांत पाणी बावीसवर आलं आणि कोणाला पत्ता नाही. रोज येणाऱ्यांचं अंग पाण्याबरोबर हळूहळू सरावत गेलं होतं.

आत्या मात्र दोन आठवडे लेकीकडे होती. तेराव्या दिवशी आली आणि नेहमीसारखी धाडकन उडी मारली. ओरडली ती पाण्याखालीच. वर नुसते बुडबुडे आले.

"बा-बा-बापाच्या बहिणीला गोठवतोस?" टॉवेलात गुंडाळलेली आत्या दात वाजवत म्हणाली. "कळवायला काय झालं होतं?"

भाचा ओशाळला. चूक त्याला लख्ख दिसली: तुलना कालच्याशी नाही, लोकांना शेवटचं जे सांगितलं त्याच्याशी करायची. त्याने तशी दुरुस्ती केली, तसा बावीस अंशांचा मेसेज सगळ्यांना गेला. मॅनेजरने नवा हीटर बसवून एका दमात पाणी अठ्ठावीसवर नेलं आणि नऊशे जणांना एकच नेटका मेसेज गेला. भाचा त्या दिवशी दोन घास जास्त जेवला.

दुसऱ्या सकाळी ऑफिसच्या दारात ओल्या चड्ड्यांतला मोर्चा उभा. पुढे निवृत्त हेडमास्तर. "हा काय चहा करून ठेवलाय? मस्त गार पाणी होतं! घरी सांगितलंय आम्ही, या वयात बर्फासारख्या पाण्यात पोहतो म्हणून. न कळवता बदललंच कसं?"

"कळवलं की, सर! कालच मेसेज गेला सगळ्यांना."

"मेसेज?" हेडमास्तरांनी मागे पाहिलं. कोणी नजर देईना. "ते तर आम्ही पहिल्या दिवशीच बंद केले."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

भाच्याने मोर्च्यामागे उभ्या आत्याकडे पाहिलं. ती टोपीत केस कोंबत होती.

"माझ्याकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "यांना कोणाला जमत नव्हतं. मीच एकेकाला बसवून शिकवलं."